आयर्लंडच्या खेड्यात राहायला जायचंय? आधी पाणी बघा, मग माणसं

डब्लिनची भाडी बघून हल्ली बऱ्याच मराठी मंडळींच्या डोक्यात येतं की जरा गावाकडे सरकावं. घरून काम करणारे आयटीवाले, गॉलवेच्या मेडिकल डिव्हाइस कंपन्यांमधले इंजिनियर, हॉस्पिटलात लागलेल्या नर्स, सगळ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "खेड्यात कसं काय जमतं हो?" उत्तरं दोनच येतात, एक "स्वर्ग आहे" आणि दुसरं "बोअर होशील". दोन्हींचा काही उपयोग नाही. म्हणून एकच गाव धरून नीट लिहिते: काँग, मेयो काउंटी. यातलं निम्मं तरी पश्चिम आयर्लंडच्या कुठल्याही लहान गावाला लागू होईल, आणि उरलेलं निम्मं फक्त काँगचं आहे, पण ते जास्त इंटरेस्टिंग आहे.

काँग म्हणजे मेयोच्या अगदी शेवटाला, गॉलवेच्या हद्दीला चिकटलेलं गाव. उत्तरेला लॉख मास्क, दक्षिणेला लॉख कॉरिब, दोन्ही मोठाले तलाव, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे बसलंय. गावठाणात वस्ती जेमतेम शे-दोनशे, पण उन्हाळ्यात टुरिस्ट बस आल्या की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला गेलात तर माणूस दिसत नाही. ही दोन्ही रूपं बघितल्याशिवाय घराचं ठरवू नका.

घर हिवाळ्यात बघा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून वर टाकलं. जून-जुलैमधे आयर्लंडचं कुठलंही घर छान दिसतं. पण काँगच्या आसपासची सगळी जमीन चुनखडीची आहे, आतून भोकं पडलेली, आणि मास्क तलावाचं पाणी या दगडाखालून वाहत येऊन काँगमधे झऱ्यांनी वर येतं आणि मग कॉरिबला मिळतं. म्हणजे तुमच्या पायाखाली नदी आहे. उन्हाळ्यात जे हिरवंगार कुरण दिसतं ते जानेवारीत तळं झालेलं असू शकतं, याला इथे टर्लॉ म्हणतात, पाणी खालून वर येतं आणि उन्हाळ्यात परत खाली उतरून जातं, वरून ना ओढा ना नदी. त्यामुळे एस्टेट एजंटने "लव्हली मेडो व्ह्यू" म्हटलं की शेजारच्या घराची बेल वाजवून विचारायचं, हिवाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं? शेजारी खरं सांगतात, त्यांना लपवून काय मिळणार!

हाच दगड तुमच्या नळालाही येऊन भिडतो. खेड्यात पाणी तीन प्रकारे येतं, सरकारी पाइपलाइन, गावकऱ्यांनी मिळून चालवलेली ग्रुप वॉटर स्कीम, नाहीतर घराची स्वतःची बोअर. बोअर असेल तर लॅबमधे टेस्ट केल्याशिवाय पिऊ नका, कारण चुनखडीत पाणी गाळलं जात नाही, सरळ भेगांतून पळतं, आणि वरच्या शेतातलं शेणखत आणि शेजारच्या सेप्टिक टँकचं काय काय बरोबर घेऊन येतं. आपल्याकडे विहिरीचं पाणी म्हणजे शुद्ध असं डोक्यात बसलेलं असतं ना, ते इथे काढून टाका. आणि सरकारी पाणी म्हणजे शंभर टक्के बिनधास्त असंही नाही, २००७ साली गॉलवे शहराच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू सापडला आणि मार्चपासून ऑगस्टपर्यंत लोक पाणी उकळून पीत होते. तेव्हा "बॉइल वॉटर नोटीस" हे शब्द दिसले की टाळाटाळ करायची नाही, सरळ पातेलं चढवायचं. एरवी त्रास एवढाच की केटलला आतून पांढरा थर धरतो, व्हिनेगर टाकून रात्रभर ठेवा, निघतो. चहा मात्र या पाण्याचा जरा सपकच होतो, चहापत्ती वाढवा.

सेप्टिक टँक कुठे आहे, शेवटचा कधी उपसला आणि काउन्सिलकडे (स्थानिक सरकारी कार्यालयाकडे) रजिस्टर आहे का, हेही विचारून घ्या. विचारायला लाजू नका, इथे लोक या विषयावर जेवणाच्या टेबलावरही बोलतात.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही ती म्हणजे रेडॉन. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, ना वास ना रंग, आणि मेयो-गॉलवे हे त्याचे ठरलेले जास्तीचे भाग आहेत. टेस्ट सोपी आहे, पोस्टाने दोन छोट्या डब्या येतात, एक बेडरूममधे आणि एक हॉलमधे तीन महिने ठेवायची आणि परत पाठवायची. २०० बेकरेलच्या वर आकडा आला तर उपाय करायचा, तो बहुतेक वेळा घराखालून हवा खेचणारा एक पंखा एवढाच असतो. घर विकत घेत असाल तर हे आधी विचारा.

आता हीटिंग. शहरात गॅस असतो, इथे बहुतेक घरांच्या मागे एक हिरवी नाहीतर काळी प्लास्टिकची टाकी दिसेल, तिच्यात केरोसिन. ती रिकामी झाली की घर गार, आणि थोडक्या तेलासाठी टँकर येत नाही, त्यामुळे ऑक्टोबरातच भरून घ्या, डिसेंबरात सगळ्या गावाचं तेल एकदम संपतं आणि मग तुमचा नंबर कधी लागेल ते टँकरवाल्याच्या मर्जीवर. बहुतेक घरात एक स्टोव्ह पण असतो, लाकूड किंवा दाबून केलेल्या पीटच्या (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या) विटा जाळायला. धुराचा कोळसा २०२२ च्या ऑक्टोबरअखेरपासून देशभर बंद झालाय. स्टोव्ह असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच हवा आणि चिमणी वर्षातून एकदा साफ करून घ्यायची.

आणि इमर्शन. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट उघडलं की एक स्विच असतो, त्यावर "सिंक" आणि "बाथ" लिहिलेलं. सिंक म्हणजे टाकीतलं वरचं थोडं पाणी तापणार, भांडी घासण्यापुरतं, बाथ म्हणजे अख्खी टाकी. हा स्विच चालू ठेवून घराबाहेर पडणं हे आयरिश घरात जवळपास पाप आहे, आया ओरडतात, घरमालक तर बिल बघून रडतात. आपल्याकडे गिझर चालू ठेवला म्हणून जी बोलणी खाल्लीत तीच इथे परत खाल.

जुनं दगडी घर बघून प्रेमात पडायला होतं, मान्य, पण बीईआर रेटिंग बघा, म्हणजे घर किती ऊर्जा खातं त्याचा दर्जा. ए पासून जी पर्यंत असतं, एफ किंवा जी असेल तर भाडं कितीही कमी असो, तो फरक तेलात जातो.

वादळाचं वेगळं सांगायला हवं. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं, सगळ्या देशाला रेड वॉर्निंग होती, गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला ताशी १८० किलोमीटरहून जास्त वारा मोजला गेला आणि साडेसात लाखांहून जास्त घरं-दुकानांची वीज गेली. पश्चिमेकडच्या खेड्यांत काही ठिकाणी ती दोन-दोन आठवडे आली नाही. आणि वीज नाही म्हणजे नुसता दिवा नाही असं नाही हो, बोअरचा पंप बंद म्हणून पाणी नाही, तेलाच्या बॉयलरला पण वीज लागते म्हणून हीटिंग नाही, मोबाइल टॉवरची बॅटरी संपली की फोनही नाही. तेव्हा टॉर्च, पॉवर बँक, कँपिंगचा छोटा गॅस, बाटल्यांत भरून ठेवलेलं पाणी आणि बॅटरीवरचा रेडिओ हे घरात असू द्या. चुना-सिमेंट दोन्ही नसलेल्या त्या शेताच्या दगडी भिंती मात्र वादळात तशाच उभ्या राहतात, वारा फटींमधून निघून जातो.

कागदपत्रं, गाडी, डॉक्टर

हे भरभर सांगते कारण माहिती सगळीकडे मिळते. प्रत्येक घराला सात अक्षर-अंकांचा एअरकोड असतो, तो पाठ करा, कारण रस्त्याला नाव नाही, घराला नंबर नाही, ॲम्ब्युलन्सलाही तोच सांगायचा (नंबर ११२ किंवा ९९९). इंटरनेट बघायचं तर आधी त्या एअरकोडवर फायबर आलंय का ते चेक करा, एजंटच्या "गुड ब्रॉडबँड" वर विश्वास ठेवून घर घेऊ नका. टीव्ही असेल तर लायसन्स वर्षाला १६० युरो. कचरा काउन्सिल उचलत नाही, प्रायव्हेट कंपनी लावायची नाहीतर स्वतः गाडीत घालून रिसायकलिंग सेंटरला. प्लास्टिक बाटल्या आणि कॅन फेकू नका, २०२४ च्या फेब्रुवारीपासून त्यावर डिपॉझिट आहे, लहानाला १५ सेंट, अर्ध्या लिटरच्या वर २५, दुकानातल्या मशीनमधे न चेपता टाकायच्या.

गाडीचं मात्र आधीच बघा, खेड्यात येण्याच्या आधी. भारतातलं लायसन्स इथे एक्सचेंज होत नाही. थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, मग १२ लेसन (परदेशी लायसन्स असेल तर कमी होऊ शकतात), मग टेस्ट. आणि लर्नरला एकट्याने गाडी चालवता येत नाही, शेजारी दोन वर्षं जुनं पूर्ण लायसन्स असलेला माणूस लागतो. आता सांगा, जिथे दूध आणायलाही गाडी लागते तिथे हे कसं करणार? बस आहे, पण गॉलवेच्या बसची वाट बघत नोकरी होत नाही. टीएफआयच्या (सरकारी वाहतूक सेवेच्या) लोकल लिंक गाड्या खेड्यांना जोडतात, टाइमटेबल बघून त्या वापरा, बाजाराच्या दिवशी कामी येतात. लहान ग्रामीण रस्त्यांची स्पीड लिमिट फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० झाली आहे आणि खरं सांगायचं तर वळणावर मेंढ्या उभ्या असल्या की ६० पण खूप होतात.

मोठं सामान, बँक, हायस्कूल यासाठी बालिनरोब, दहा-बारा किलोमीटरवर. मोठं हॉस्पिटल एकतर कॅसलबार नाहीतर गॉलवे. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव मात्र घर फायनल होण्याआधीच लावा, बऱ्याच ठिकाणी लिस्ट फुल असते आणि "नवीन पेशंट घेत नाही" असं सरळ सांगतात. रात्री-शनिवारी-रविवारी वेस्टडॉक नावाची सेवा आहे, आधी फोन करायचा, तशीच धडक मारायची नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना जीपी फुकट आहे, कार्ड काढून घ्या. शाळा बहुतेक कॅथलिक पॅरिशच्या, दुसरीच्या वर्गात फर्स्ट कम्युनियन या कॅथलिक विधीची तयारी चालते, तुमच्या मुलाला त्यातून बाहेर ठेवता येतं, फक्त शिक्षकांशी आधी बोला म्हणजे पोरगं त्या वेळेत कोपऱ्यात नुसतं बसून राहणार नाही. आयरिश भाषा शिकावीच लागते, मोठं होऊन आलेल्या मुलांना सूट मिळू शकते, पण लहान असेल तर शिकू द्या. पश्चिमेला थोडं गेलं की कॉर्नामोना, जॉइस कंट्री, तिथे आयरिश अजून बोलली जाते.

माणसं

गावातल्या सोयी ॲपवर मिळत नाहीत, माणसांकडे मिळतात. प्लंबर कोण, लाकूड कोण देतो, कोणाचं घर रिकामं होणार आहे, हे दुकानाच्या काउंटरवर कळतं. भाड्याची घरं वेबसाइटवर यायच्या आधीच जातात, कारण उन्हाळ्यात टुरिस्टना देऊन मालकाला जास्त मिळतात आणि जो कोणी वर्षभरासाठी देतो तो ओळखीतच देतो. म्हणून आधी चार दिवस बी अँड बी मधे राहा, दुकानात, पबमधे, चर्चमधल्या मासच्या (प्रार्थनेच्या) बाहेर लोकांशी बोला, सांगा की घर शोधतोय. लाजाल तर गेलात.

समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. ओळख असो नसो. तुम्हीही उचला. दोन आठवडे बोट नाही उचललं तर गावात चर्चा होते की ते नवीन इंडियन कपल जरा शिष्ट आहे.

"हाउ आर यू" हा प्रश्न नाही, उत्तर "ग्रँड" एवढंच. मग हवामान. मग तुम्ही कुठले. इंडिया म्हटलं की पबमधला कोणीतरी म्हातारा आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचा विषय काढणारच, त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर आणि घराणं मालवणजवळच्या वराड गावचं, २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना ते तिथे जाऊनही आले. कोकणातले असाल तर तुमची अर्धी ओळख तिथेच झाली. राजकारणावर मात्र लगेच मत देऊ नका, ऐकून घ्या.

पबमधे दारू प्यायलाच हवी असं काही नाही, चहा मिळतो, बिनअल्कोहोलची बिअर मिळते. पण "राउंड" समजून घ्या: चौघे बसलेत आणि एकाने सगळ्यांसाठी मागवलं तर पुढची पाळी दुसऱ्याची. तुम्ही घेतलं आणि पाळी न देता उठलात तर कोणी काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवतील, फार काळ. कोपऱ्यात फिडल-बासरीवाले बसले असतील तर त्यांच्या जवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसू नका, ती उशिरा येणाऱ्या वादकाची असते.

फुटबॉल, म्हणजे आपल्या डोक्यातला नाही, गेलिक. मेयोने ऑल-आयर्लंड, म्हणजे देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, शेवटची जिंकली १९५१ साली. त्यानंतर १९८९ पासून २०२१ पर्यंत अकरा फायनल हरले. अकरा! लोक अर्धवट गमतीत म्हणतात की जिंकून परत येताना फॉक्सफोर्डला एका अंत्ययात्रेला थांबून मान न दिल्यामुळे टीमला शाप लागला. यावर जोक मारायचा हक्क फक्त मेयोवाल्यांना आहे, तुम्हाला निदान पहिली पाच वर्षं नाही. हिरवा-लाल झेंडा खिडकीत लावा, पोरांना क्लबच्या प्रॅक्टिसला पाठवा, आईबापांची ओळख तिथल्या साइडलाइनवर चिखलात उभं राहूनच होते.

आणि अंत्यविधी. हे नवीन माणसाला सगळ्यात अवघड जातं आणि सगळ्यात जास्त इथेच माणसं जोडली जातात. शेजारच्या घरी कोणी गेलं तर तुमची त्यांच्याशी नुसती बोट उचलण्यापुरती ओळख असली तरी जायचं. वेळ आरआयपी डॉट आयई या साइटवर येते, गावातला प्रत्येक मोठा माणूस ती रोज सकाळी बघतो. घरी किंवा फ्युनरल होममधे शवपेटी उघडी असते, घरचे ओळीने बसलेले, तुम्ही एकेकाशी हात मिळवत पुढे जायचं आणि म्हणायचं "सॉरी फॉर युअर ट्रबल". बाकी काही बोलायची गरज नाही, कारण काय झालं हे विचारायचं नाही. मग चहा-सँडविच देतात, ते घ्यायचं, आपल्यासारखं सुतकाच्या घरी खायचं नाही असं इथे नाही, उलट न खाता निघालात तर त्यांना वाईट वाटतं. लोक हसतात, जुने किस्से सांगतात, दचकू नका. महिन्याने "मंथ्स माइंड" नावाची प्रार्थना असते, तिला गेलात तर घरचे विसरत नाहीत.

गावाने पाठ फिरवली तर काय होतं याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण काँगपासून थोड्याच अंतरावर घडलंय. लॉख मास्कच्या काठावर एक घर आहे, १८८० साली तिथे लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा एजंट राहायचा, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. पीक वाईट होतं, कुळांनी खंड कमी मागितला, याने घरं-जमिनी खाली करायच्या नोटिसा काढल्या. मेयोचाच मायकल डॅविट आणि आयरिश पुढारी पार्नेल यांची लँड लीग ही कुळांची संघटना तेव्हा जोरात होती, पार्नेलने भाषणात सांगून ठेवलं होतं की अशा माणसाला मारू नका, एकटं पाडा. झालं. मजूर निघून गेले, दुकानदार सामान देईना, लोहार नाल ठोकेना, कपडे धुणारी येईना, टपाल आणणाऱ्या पोरालाही अडवलं. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई, साधारण पाचशे पौंडांचं पीक वाचवायला दहा हजार पौंड खर्च झाला म्हणतात. डिसेंबर उजाडला तसा बॉयकॉट देश सोडून गेला. पंचवीस वर्षांनी टिळकांनी स्वदेशीच्या जोडीला बहिष्काराचं हेच हत्यार पुण्यात उचललं, आयर्लंडच्या चळवळीवर आपल्याकडच्या पुढाऱ्यांचं बारीक लक्ष होतं. ते घर अजून आहे, पण खाजगी आहे, रस्त्यावरून बघा आणि पुढे जा.

खाणंपिणं

थोडक्यात. गावच्या दुकानात हळद-मिरची मिळेल, हिंग नाही, पोहे तर विसराच. महिन्यातून एकदा गॉलवेच्या इंडियन दुकानात जाऊन कणीक, डाळी, पोहे भरून आणा. इथलं होलमील पीठ जाडंभरडं असतं, सोडा ब्रेडसाठीचं, त्याच्या पोळ्या फाटतात. पण दोन गोष्टी इथे आपल्यापेक्षा भारी मिळतात. एक बटर, बिनमिठाचं घेऊन मंद आचेवर कढवा, आयरिश गायी वर्षातला बराच काळ गवतावर असल्याने लोणी मुळातच पिवळंधमक असतं आणि तूप असं दाणेदार होतं की सासूबाई पण गप्प होतील. दुसरं बटरमिल्क, सोडा ब्रेडसाठी कार्टनमधे मिळतं, त्याची कढी करा, दही फेटत बसायला नको. शाकाहारी असाल तर पबमधलं "व्हेजिटेबल सूप" चिकनच्या स्टॉकमधे नाही ना हे विचारून घ्या.

गाव ओळखायची एक चक्कर

पाहुणे आले की दाखवायला लागतंच, म्हणून ही चक्कर आधी स्वतः करा, एखाद्या ओल्या मंगळवारी, टुरिस्ट नसताना.

ॲबीपासून, म्हणजे जुन्या मठापासून, सुरू करा. सातव्या शतकात सेंट फेकिनने इथे मठ काढला असं मानतात, आज दिसते ती ऑगस्टिनियन मठाची नंतरची इमारत, दारावरचं कोरीवकाम हात लावून बघण्यासारखं आहे (पण लावू नका). नॉर्मन आले तेव्हाचा आयर्लंडचा शेवटचा हाय किंग (सगळ्या राजांवरचा राजा), रॉरी ओकॉनर, राज्य सोडून इथे येऊन राहिला आणि ११९८ मधे इथेच गेला. त्याच्या वडिलांनी करवून घेतलेला क्रॉस ऑफ काँग, साधारण ११२३ चा, ओकच्या लाकडावर कांस्य आणि सोन्याचं काम, मधे स्फटिक, तो आता डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या म्युझियममधे आहे. डब्लिनला गेलात की नक्की बघा, आणि गावात कोणी म्हणालं की तो आमचा आहे, परत यायला हवा, तर मान डोलवा.

ॲबीच्या मागे नदीत साधूंचं मासेघर आहे आणि मला विचाराल तर अख्ख्या गावात बघण्यासारखी हीच एक गोष्ट. नदीवर कमानीवर उभी केलेली दगडी खोली, आत जेमतेम दोघं-तिघं मावतील, एका भिंतीला शेकोटी, आणि फरशीच्या मधोमध चौकोनी भोक. त्या भोकातून जाळं खाली सोडायचं, शेकत बसायचं आणि मासा लागला की दोरी ओढून मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजवायची, असं सांगतात. आत वाकून त्या भोकातून खाली बघा, पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाचे गोटे मोजता येतील. चुनखडीखालून आलेलं पाणी ते हेच.

पूल ओलांडला की काँग वूड्स. चालत राहिलं की ॲशफर्ड कासलची हद्द लागते. १२२८ पासूनचा वाडा, डी बर्गो घराण्याचा, १८५२ मधे गिनेस बिअरवाल्यांनी घेतला आणि हवा तसा वाढवला, आता महागडं हॉटेल. त्याच घरातल्या लॉर्ड आर्डिलॉनने डब्लिनचं सेंट स्टीफन्स ग्रीन लोकांसाठी खुलं केलं, १८८० मधे, म्हणजे इकडे मेयोत बॉयकॉट प्रकरण पेटलं त्याच वर्षी. बाहेरच्यांना आवारात जायला गेटवर पैसे पडतात, तेव्हा पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

गावात मधोमध एका बाईला उचलून घेतलेल्या माणसाचा पुतळा आहे, लोक त्याच्यापुढे फोटो काढत असतात. जॉन फोर्डच्या "द क्वाएट मॅन" चं शूटिंग १९५१ च्या उन्हाळ्यात इथे झालं, जॉन वेन आणि मॉरीन ओहारा. त्याच वर्षी मेयो जिंकलं होतं, त्यामुळे म्हाताऱ्यांसाठी ते साल म्हणजे काय ते सांगायला नको. सिनेमा एकदा बघून टाका, नाहीतर निम्मे संदर्भ डोक्यावरून जातील.

मग गावाबाहेरचा कोरडा कालवा. १८४८ मधे, दुष्काळ चालू असताना, कॉरिब आणि मास्क जोडून बोटी नेता येतील म्हणून खोदायला घेतला, उपाशी लोकांना मजुरी मिळावी हाही हेतू होता. पाच-सहा वर्षं दगड फोडले, बोटी वर-खाली नेणारे लॉक बांधले, आणि गावात सांगतात ती गोष्ट अशी की पाणी सोडलं आणि ते तळाच्या भेगांत गडप झालं. पूर्ण खरं तेवढंच नाही, पैसा संपत आला होता, रेल्वे येऊ घातली होती आणि १८५४ मधे बोटींचं काम सोडून दिलं. पण दगड सच्छिद्र आहे हे खरंच. पावसाळी महिन्यांत कालव्यात पाणी दिसतं, उन्हाळ्यात तळाशी गवत. घर घ्यायचा विचार असेल तर इथे आधी या, दोन्ही ऋतूंत, तुमच्या प्लॉटखाली काय चाललंय ते याच्याइतकं स्पष्ट कोणी सांगणार नाही.

मे महिन्यात मेफ्लाय नावाचे किडे तलावावर उडायला लागतात आणि अख्खा परिसर कामं टाकून ट्राउट पकडायला जातो. त्या दिवसांत प्लंबर येणार नाही, गवंडी येणार नाही, फोन करून चिडू नका, घराची कामं एप्रिलमधे उरकून घ्या. होडी मिळाली तर कॉरिबमधल्या इंचागॉइल बेटावर जा, जुनी चर्च आणि रोमन लिपीत कोरलेला एक फार जुना दगड आहे तिथे. लाइफ जॅकेट घाला, तलाव दिसतो शांत पण वारा फिरला की लाटा येतात.

शेवटी दगडी वर्तुळं. गावाच्या पूर्वेला शेतांमधे आहेत, कथेतली मॉयटुराची लढाई, फिर बोल्ग आणि तुआहा डे डानन या दोन पौराणिक जमातींची, याच मैदानावर झाली असं मानतात, ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड यांनी जवळच घर बांधलं होतं आणि कॉरिबवर १८६७ मधे पुस्तकही लिहिलं. पण ही शेतं खाजगी आहेत. आधी शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारा, नाही म्हणणार नाही बहुतेक. कुत्रा बरोबर नेऊ नका, वसंतात कोकरं असतात. वेलिंग्टन बूट घाला, भिंतीवर चढू नका, एक दगड निसटला की हातभर भिंत खाली येते. गेट बंद होतं तर परत बंद करा, उघडं होतं तर तसंच उघडं ठेवा, आणि आत बैल दिसला तर वर्तुळं दुसऱ्या दिवशी बघा.